फिल्टर बदलल्यापासून गाडी रोज सकाळी एअर घेते: हवा काढायची कशी आणि ती शिरते कुठून

डिझेल फिल्टर बदलला, हातपंप (डिझेल हाताने ओढून लाइन भरायचा छोटा पंप) मारला, गाडी चालू झाली. दिवसभर वाशी मार्केट ते दादर फेऱ्या झाल्या, काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ मारला की गाडी लगेच चालू होते, चार-पाच सेकंद नीट चालते आणि एकदम बंद पडते. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरत राहतं. बॉनेट उघडून हातपंप वीस-तीस वेळा दाबला की पुन्हा चालू. दुपारी अर्धा तास उभी ठेवून चालू केली तर एका सेल्फमध्ये चालू होते. रात्रभर उभी राहिली की पुन्हा तेच.

हे लक्षण असेल तर बॅटरी, सेल्फ आणि ग्लो प्लगवर (थंड इंजिन चालू व्हायला आतून तापवणारे प्लग) पैसे घालू नका. ग्लो प्लग गेलेले असते तर गाडी सुरुवातीलाच नखरे करते, पांढरा धूर सोडते, थरथरते. आधी छान चालू होऊन मग मरत नाही. शिवाय मुंबईतल्या जानेवारीच्या पहाटेही डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनाला ग्लो प्लगची फारशी गरज पडत नाही. पहिले चार-पाच सेकंद गाडी चालते ती पंपात आणि फिल्टरनंतरच्या पाइपात उरलेल्या डिझेलवर. ते संपतं, मागून हवेचा गोळा येतो आणि इंजिन बंद पडतं.

रोज हातपंप मारून काम भागवणं हा उपाय नव्हे. हवा एकदाच काढायची असते. दुसऱ्यांदा काढावी लागली तर कुठूनतरी ती आत शिरते आहे, आणि ती जागा बहुतेक वेळा शेवटी जिथे पाना लागला तिथेच असते.

डिझेल मागे का जातं

टाकी चेसिसला खाली, इंजिन वर. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप म्हणजे नारळपाण्याची स्ट्रॉ समजा. भरलेल्या स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवून ती बाहेर काढली तर पाणी आत टिकून राहतं. बोट जरा सैल केलं की सगळं खाली गळतं. गाडीतही तसंच. सगळे सांधे घट्ट असतील तर डिझेल आठवडाभर जागच्या जागी राहतं. वरच्या बाजूला एखादा सांधा केसाएवढा सैल असला की तिथून हवा आत येते आणि डिझेल सावकाश टाकीत परत जातं. त्याला सहा-आठ तास लागतात, म्हणून दुपारी त्रास नाही आणि पहाटे हमखास.

इथेच बहुतेक जण फसतात. गळती म्हटलं की आपण ओला डाग शोधतो. पण टाकी ते पंप हा भाग ओढीवर चालतो, त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो आणि तरीही तोच गुन्हेगार असतो. पंपानंतरच्या दाबाच्या भागात फट पडली तर मात्र डिझेल टपकतं, वास येतो, जमिनीवर डाग पडतो.

टाकीतच इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत हे गणित थोडं वेगळं. चावी ऑन करून टाकीजवळ कान द्या. दोन-तीन सेकंद घरघर ऐकू आली तर टाकीपासून पुढे सगळी लाइन दाबाखाली आहे. चालू गाडीत ती हवा घेत नाही, गळलीच तर बाहेर गळते. पण रात्री पंप बंद असताना डिझेल मागे जाऊ शकतं.

एवढ्याशा हवेने एवढं मोठं इंजिन का अडतं? आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) एका वेळी नोझलमधून, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडातून, जाणारं डिझेल साधारण आठ-दहा घन मिलिमीटर असतं, म्हणजे एका थेंबाचा पाचवा हिस्सा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझल उघडायला सव्वाशे ते अडीचशे बार दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पंपातल्या प्लंजरने (दट्ट्याने) ढकललं की दाब थेट नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र स्पंजासारखी दबते. पाइपात मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढा बुडबुडा अडकला तरी प्लंजरची सगळी ढकल तो बुडबुडा दाबण्यातच संपते आणि नोझल उघडतच नाही.

फिल्टर बसवताना होणाऱ्या चुका

काम गार इंजिनावर करा आणि टाकी निदान अर्धी भरलेली ठेवा. टाकीत पातळी जितकी खाली, तितकं डिझेल वर ओढायला हातपंपाला जड जातं. फिल्टरच्या आजूबाजूची धूळ-चिखल आधी ब्रश आणि थोड्या डिझेलने धुऊन काढा. पुसायला सुटे धागे निघणारं कॉटन वेस्ट नको, धुतलेला जुना सुती कपडा घ्या. जुन्या फिल्टरमधलं डिझेल डब्यात धरा, गटारात सोडू नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. जुना फिल्टर खोलला की त्याची रबरी सील फिल्टरबरोबर खाली आली का, ते बघायलाच हवं. ती वर हेडला (फिल्टर ज्यावर चढतो त्या धातूच्या भागाला) चिकटून राहते, काळ्यावर काळी असल्याने दिसत नाही, आणि नवा फिल्टर नव्या सीलसकट तिच्यावर चढवला जातो. दोन सील एकावर एक बसल्या की वरवर घट्ट वाटतं, पण हवा घेते. टॉर्च मारून बघा आणि नख फिरवून खात्री करा. हेडचा कडेचा पट्टा उघडा, गुळगुळीत धातूचा लागला पाहिजे.

नव्या सीलला बोटाने डिझेलचा हात फिरवा. कोरडी सील फिरवताना मुरडते. फिल्टर हाताने फिरवत सील टेकेपर्यंत आणा, तिथून पुढे अर्धा ते पाऊण फेरा. फिल्टरच्या डब्यावर वेगळा आकडा छापला असेल तर तो पाळा. पट्ट्याचा पाना खोलण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही. जास्त आवळलं की सील चेपून बाहेर येते आणि तिथूनच हवा शिरते.

पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरमधून काढून नव्याला लावायचा असेल तर त्याची ओ-रिंग (रबरी कडी) नवी घ्या. जुनी रिंग फुगलेली असते, बसवताना तिची कडा कापली जाते. फिल्टरच्या तळाचा पाणी सोडायचा नॉबही याच घोळातला. तो प्लॅस्टिकचा असतो, हाताने जेवढा घट्ट होईल तेवढाच करा. फिल्टरच्या डोक्यावरचा बाण बघा, डिझेल बाणाच्या दिशेने जायला हवं. झटपट जोडणीचे पाइप असतील तर 'टक' आवाज येईपर्यंत दाबा आणि मग उलट ओढून बघा.

नवा फिल्टर बसवण्याआधी डिझेलने भरून घ्यावा का? जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत चालतं, मात्र कडेच्या छोट्या भोकांतून ओता, मधल्या मोठ्या भोकातून कधीच नाही. कडेची भोकं आत जाणाऱ्या मळक्या बाजूची आहेत. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपाकडे जातं. कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे नोझलना, 'रेल' या एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) कोरडाच बसवा आणि हातपंपाने किंवा टाकीतल्या पंपाने भरा. तिथे इंजेक्टरच्या आतली फट एक ते तीन मायक्रॉनची असते. मगातून ओतलेल्या डिझेलमधला डोळ्याला न दिसणारा कण तिथे चरा पाडायला पुरेसा आहे. पाच मिनिटं वाचवण्यासाठी तो धोका पत्करू नये.

हवा काढणं: जुना मेकॅनिकल पंप

टेम्पो, जुने ट्रक, सोसायटीतले जनरेटर, भाऊच्या धक्क्यावरच्या बोटींची इंजिनं, सगळ्यांची रीत जवळपास एकच. हवा टाकीकडून नोझलकडे क्रमाने काढायची. क्रम मोडला तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दीड-दोन फेरे सैल करा. खाली डबा धरा. हातपंप पूर्ण खालीवर मारत राहा. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुड्यांसकट डिझेल, आणि शेवटी काचेसारखी अखंड धार येईल. धार आल्यावरही दहा-बारा वेळा मारा आणि पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. दाब सोडून आवळला तर जाता जाता तो एक घोट हवा घेतो.

किती वेळा मारायचं? आठ मिमी आतल्या व्यासाच्या एक मीटर पाइपात ५० मिलि डिझेल मावतं. तीन मीटरची लाइन म्हणजे १५० मिलि, रिकाम्या छोट्या फिल्टरचे पाव लिटर धरा, म्हणजे एकूण ४०० मिलि. हातपंपाच्या एका दाबाला पाच-सहा मिलि येतं. हिशेब सत्तर-ऐंशी दाबांचा होतो. वीस दाबांनंतर 'पंप खराब आहे' म्हणून सोडून देणारे बरेच असतात. पंप खराब नसतो, लाइन भरलेली नसते.

पंपाचा दांडा हाताला अजिबात जोर देत नसेल तर इंजिनाच्या कॅमने तो आधीच दाबून धरलेला असू शकतो. इंजिन जरासं फिरवा आणि पुन्हा बघा. नॉब फिरवून वर येणारा हातपंप असेल तर काम झाल्यावर तो परत फिरवून घट्ट बसवायलाच हवा. उघडा राहिला की तोच हवा घेऊ लागतो.

यानंतर मेन पंपावरचा एअर स्क्रू, त्याच रीतीने. मग नोझलच्या पाइपांचे नट. बहुतेक गाड्यांत त्यांना १७ किंवा १९ चा पाना लागतो. चारपैकी दोन नट नोझलच्या टोकाला अर्धा फेरा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सेल्फ मारा. फेस थांबून डिझेल उडू लागलं की नट आवळा. बऱ्याचदा उरलेल्या दोन नोझलवर इंजिन त्याआधीच चालू होतं. इंजिन बंद करायची केबल असलेल्या गाडीत ती केबल पूर्ण आत गेली आहे का, तेही बघा. अर्ध्यात अडकलेली केबल पंपाचं डिझेलच बंद ठेवते आणि माणूस तासभर हवा काढत बसतो. केबलऐवजी सोलेनॉइड (डिझेल बंद-चालू करणारी विजेची झडप) असेल तर चावी ऑन करताना त्याचा 'टक' आवाज ऐका.

सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मग एक मिनिट विश्रांती. सलग मारला तर सेल्फ जळतो आणि बॅटरी बसते.

कॉमन रेल: इथे पाना लावायचा नाही

कॉमन रेल गाडीचे इंजेक्टरचे पाइप हवा काढण्यासाठी कधीही सैल करू नका. आयडललाच रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार असतात, जोर दिल्यावर दीड हजाराच्या वर जातात. केसाएवढ्या फटीतून सुटलेली धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल आत घुसवते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत आतला भाग सडायला लागतो. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका. ताबडतोब सायन किंवा केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि 'दाबाखालचं डिझेल कातडीत घुसलं आहे' हे स्पष्ट शब्दांत सांगा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

या गाड्यांत हवा रिटर्न लाइनने (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपाने) आपोआप टाकीत जाते, आपण फक्त पंपापर्यंत डिझेल पोचवायचं. रबरी गोळ्यासारखा हातपंप असेल तर त्यावरचा बाण वर धरून दाबा, तसा धरला की आतल्या झडपा नीट बसतात. गोळा टणक होऊन दबेनासा झाला की लाइन भरली. टाकीत पंप असेल तर चावी ऑन करून घरघर थांबेपर्यंत थांबा, ऑफ करा, दहा सेकंदांनी पुन्हा ऑन. असं सहा ते आठ वेळा. मगच सेल्फ, दहा सेकंदांचा, मध्ये मिनिटभर थांबून, जास्तीत जास्त चार वेळा. तेवढ्यात चालू झाली नाही तर पुन्हा प्रायमिंगकडे (म्हणजे हातपंपाने किंवा चावीने लाइन भरण्याकडे) वळा, सेल्फकडे नाही. या हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून डिझेलच असतं. तो कोरडा फिरला की आत धातू धातूला घासतो, निघालेला चुरा रेलमध्ये आणि तिथून सगळ्या इंजेक्टरमध्ये जातो. पाचशे रुपयांच्या फिल्टरचं काम मग पंप, इंजेक्टर, रेल आणि टाकीची सफाई इथवर पोचतं.

स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तापलेल्या ग्लो प्लगवर तो भडकतो. धक्का मारून चालू करायच्या फंदातही पडू नका. रेलमध्ये दाब नसेल तर इंजेक्टर उघडतच नाहीत, भर उतारावरून ढकलली तरी.

आता मुख्य काम: हवा शिरते कुठून

पाना उचलण्याआधी तीन फुकटच्या परीक्षा घ्या. पहिली, उताराची. एका रात्री गाडी इंजिन खाली आणि टाकी वर राहील अशी उतारावर उभी करा. असल्फा, मलबार हिल नाहीतर इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प, कुठलाही उतार चालेल. हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड लावा. सकाळी गाडी सहज चालू झाली तर ओढीच्या बाजूला फट आहे, हे नक्की. दुसरी, टाकी गळ्यापर्यंत भरा. त्रास कमी झाला आणि अर्ध्या टाकीवर परत आला, तर टाकीतल्या वरच्या जोडणीवर किंवा आत उतरणाऱ्या पाइपावर संशय घ्या. तो पाइप मध्येच गंजून भोक पडला असेल तर पातळी भोकाच्या खाली गेली की तो सरळ हवा पितो. तिसरी, टाकीच्या झाकणाची. गाडी तास-दीड तास चालून दम सोडत असेल आणि झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत जात असेल, तर सांधा नाही, झाकणाचं श्वासछिद्र चोंदलं आहे. हा आजारच वेगळा.

मग पारदर्शक पाइप. इंधनासाठीचा पॉलियुरेथेन पाइप, आतून जुन्या पाइपाच्याच मापाचा, अर्धा फूट तुकडा. तो फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरता जोडा, दोन्हीकडे नीट क्लिप लावून. मत्स्यालयाचा साधा पीव्हीसी पाइप डिझेलमध्ये थोड्याच दिवसांत कडक होतो, तो लावून गाडी रस्त्यावर काढू नका. इंजिन चालू करून पाइपावर मागून टॉर्च धरा. पहिल्या मिनिटात थोडे बुडबुडे जाऊन मग पाइप स्वच्छ झाला तर ते जुने, उरलेले. बुडबुडे सारखे येत राहिले तर फट चालू आहे. रेस वाढवल्यावर वाढले तर फट आहेच, किंवा टाकीतली जाळी चोंदून ओढ फार वाढली आहे. तसं असेल तर रबरी हातपंपही चिंचोक्यासारखा चपटा झालेला दिसेल.

आता तोच तुकडा फिल्टरच्या आधी जोडा. फिल्टरच्या आधी बुडबुडे नाहीत आणि नंतर आहेत, म्हणजे चोर फिल्टरमध्येच आहे: सील, पाण्याचा नॉब, सेन्सरची ओ-रिंग किंवा डोक्यावरचा एअर स्क्रू. आधीही आहेत, म्हणजे टाकीकडे चला.

हे झालं तरी जागा सापडत नसेल तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या. येणारा पाइप आणि रिटर्न दोन्ही त्यात सोडा. रिटर्न टाकीतच ठेवला तर कॉमन रेल गाडी बघता बघता कॅन रिकामा करते. कॅन टाकीच्या पातळीला ठेवून रात्रभर गाडी उभी करा. सकाळी ठीक, तर दोष टाकी किंवा चेसिसखालच्या लाइनमध्ये. सकाळी तोच त्रास, तर दोष इंजिनाकडे. आणि एक फार उपयोगाची गोष्ट: इंजिन बंद ठेवून कॅन बॉनेटच्या उंचीच्या वर टांगला की ओढीची बाजू दाबाची होते. कोरडी दिसणारी फट मग ओली होऊन स्वतःच जागा दाखवते. सांध्यांवर टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास थांबा. ज्याच्यावर डाग येईल तो सांधा.

संशयितांपैकी पहिला कायम फिल्टरच. दुसरा तांब्याचा वॉशर. बंजो बोल्टच्या (पाइप जोडणारा, आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) दोन्ही अंगांना एकेक असतो आणि बोल्ट खोलला की दोन्ही नवे घालायचे. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, पुन्हा तेवढं बसत नाही. लाल तापवून पाण्यात टाकलं तर मऊ पडतं, अडल्या वेळी चालतं, पण दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी ती कसरत करण्यात अर्थ नाही. सांध्यात जुना चरा असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळून झाकू नका, टेपचे तुकडे सुटून पुढे जातात.

तिसरा हातपंप. रबर जुनं झालं की त्याला बारीक भेगा पडतात, पिळून बघितल्याशिवाय त्या दिसत नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग स्वस्त मिळतात, पत्र्याचे आणि काचेचे भाग तिथून खुशाल घ्या. पण हातपंप, रबर पाइप आणि सील जुने घेऊ नका, तो पैसा पाण्यात जातो.

मग पाइप. मुंबईत इथे उंदरांना विसरून चालत नाही. रात्री गरम इंजिनावर येऊन बसतात आणि पाइप कुरतडतात, तेही बहुधा पाइपाच्या मागच्या अंगाला. आरसा आणि टॉर्च घेऊन संपूर्ण पाइप बघा, बोटांनी चाचपा. पाइपाची टोकं कडक झाली असतील आणि लांबी पुरत असेल तर एक सेंटिमीटर कापून पुन्हा बसवा. आठ मिमीच्या बारीक पाइपावर दातेरी पट्टीची मोठी क्लिप लावली की स्क्रूखाली एक फट उरते. त्या जागी पाइपाच्या मापाची, पूर्ण गोल आवळणारी क्लिप लावा. चेसिसखालच्या लोखंडी पाइपाला खारी हवा आणि चार महिन्यांचा चिखल खातो, आणि खातो ते नेमकं चेसिसला धरणाऱ्या क्लिपांच्या खाली. प्रत्येक क्लिप सोडवून खालचा पाइप घासून बघा. पाइपाची दोन्ही टोकं सोडवून एक बंद करा, दुसरीकडून सायकलच्या पंपाने हलका, अर्ध्या बारच्या आतला दाब द्या आणि साबणाचं पाणी लावा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर टाकीला जोडू नका, टाकी फुगून फाटते.

शेवटी इंजेक्टरच्या रिटर्नचे बारीक पाइप. कुणी अलीकडे इंजेक्टर काढले असतील तर आधी तेच बघा. प्लॅस्टिकच्या टी-जोडण्या आणि त्यांच्या टिचक्या काढताना तुटतात आणि नुसत्या अडकवून ठेवल्या जातात.

लाइनमध्ये एक जादा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल मागे न जाऊ देणारी झडप) टाकून घ्या, असा सल्ला मिळेल. टाकू नका. डिझेल मागे जातं कारण वरून हवा येते. फट तशीच राहिली तर व्हॉल्व्हमुळे सकाळचा त्रास कमी वाटेल, पण चालत्या गाडीत हवा जातच राहील आणि पंप झिजत राहील.

पावसाळ्यात आधी पाणी बघा

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल, किंवा गाडी साचलेल्या पाण्यात उभी होती, तर प्रायमिंगच्या आधी फिल्टरच्या तळाचा नॉब उघडून पेलाभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि पंधरा मिनिटं न हलवता ठेवा. पाणी जड असल्याने खाली बसतं, मध्ये स्वच्छ रेघ दिसते. पाणी निघालं तर हातपंपाला हात लावू नका, ते पुढे ढकलाल. आधी टाकी रिकामी करून धुवा, लाइन साफ करा, मग नवा फिल्टर.

पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सीवाल्यांसाठी थोडंसं: टाकीतला पेट्रोल पंप पेट्रोलनेच गार राहतो. सीएनजीवर चालतेय म्हणून टाकी कायम कोरडी ठेवली तर नवा बसवलेला पंपही जळतो. पंप बदलल्यावर निदान पाच लिटर टाका, चावी पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करा, मग सेल्फ मारा. पेट्रोलच्या लाइनचे सांधे हवा काढायला उघडू नका, एक ठिणगी पुरते.

डिझेल पेट घेत नाही, या समजुतीवरही विसंबू नका. आपल्याकडच्या डिझेलसाठी फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची) किमान मर्यादा ३५ अंश आहे, आणि मे महिन्यात बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त गरम असतं. गाडी गार होऊ द्या, बॅटरीची मायनस तार सेल्फ मारायची नसेल तेव्हा काढून ठेवा, सांडलेलं डिझेल लगेच पुसा. रबर पाइपावर आणि बेल्टवर सांडलेलं तर पुसाच, डिझेलने बेल्ट फुगतो आणि घसरतो.

दुरुस्ती झाली की पारदर्शक पाइप काढून मूळ पाइप बसवा, पुन्हा प्रायमिंग करा, गाडी वीस मिनिटं चालवून आणा आणि या वेळी इंजिनाचं तोंड वर राहील अशा उतारावर रात्रभर उभी ठेवा. सकाळी सेल्फ मारण्याआधी हातपंप एकदाच दाबा. पहिल्याच दाबाला तो टणक लागला तर डिझेल रात्रभर जागेवर राहिलं आहे. मऊ लागून आत गेला तर अजून एक सांधा बाकी आहे.